कानातलं भक्तामर


साडेचारशे रुपयांचे वायरचे इअरफोन दोन महिने वापरतेय. दुकानदार गाणं लावून "बेस बघा ताई" म्हणत होता. मला बेस कशाला? मी तिथेच भक्तामर लावलं. आपल्या पाठात ४८ श्लोक, त्यात जोडाक्षरं ही एवढी! ढमढम जास्त असली की शब्द गिळले जातात आणि चुकीचंच तोंडात बसतं. यात उच्चार स्वच्छ येतात. चार्जिंगची कटकट नाही. वायर मात्र कढईच्या कानात अडकते, तेव्हा ओढणीखालून घ्या. सोबत तीन मापांची रबरं येतात. मला लहानच बसलं. बाहेरचा आवाज अडतो, म्हणून स्वयंपाकघरात एकाच कानाला लावा. कुकरची शिट्टी आणि सासूबाईंची हाक, दोन्ही ऐकू यायला हवं. फोनला गोल पिन नसेल तर टाईप-सीचे घ्या.

सामायिकात मात्र नको. हल्ली काही जणी कानात प्रवचन लावूनच बसतात. मला हे पटत नाही. ती ४८ मिनिटं ऐकण्याची नाहीत, थांबण्याची आहेत. प्रवचन भाजी निवडताना ऐका, आणि बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.