इचोड्याच्या मुलींनी कोणती अ‍ॅनिमे बघावी

कणखर नायिका असलेल्या अ‍ॅनिमे मालिका मुलींना सुचवाव्यात का, या प्रश्नावर आमच्या इचोड्यात दोन पक्ष आहेत. एक घरातल्या मोठ्यांचा. जपानी कार्टून परकी, त्यातल्या पोरींचे कपडे बघवत नाहीत, आणि जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई घरच्या असताना ही उसनवारी कशाला, असं त्यांचं म्हणणं. दुसरा पक्ष कॉलेजातल्या मुलांचा. त्यांची यादी तयार असते: मिकासा, एर्झा, त्सुनादे, नेझुको. कणखर बाई बघायचीय ना, मग राक्षसाला लोळवणारी बघा. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. मी मुलींना मालिका सुचवते, आग्रहानं सुचवते, पण यांच्यापैकी कुणाच्याही कारणानं नाही.

आधी परकेपणाचं बघू. इचोडा हैदराबाद-नागपूर महामार्गावरचं गाव. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लमाणी आणि दखनी एकाच वेळी कानावर पडतात. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले आणि आपण इकडे आंध्रात राहिलो. तेव्हापासून घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि टीव्हीवर तिसरी, हाच आपला संसार आहे. ज्या गावाची पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत तीन भाषांत वावरतात, त्या गावानं गोष्ट परमुलखातली म्हणून दार लावून घ्यावं, हे मला पटत नाही. तेत्सुको कुरोयानागी यांची 'तोत्तोचान' मराठी घरांनी आपल्या लेकरांना हौसेनं वाचायला दिली. ती टोकियोच्या शाळेतलीच मुलगी होती. पुस्तकातली जपानी मुलगी चालते आणि पडद्यावरची चालत नाही, याचं कारण कुणी मला सांगितलेलं नाही.

राहिला जिजाऊंचा आणि सावित्रीबाईंचा मुद्दा. त्यांच्याविषयी आदर माझ्याही मनात आहे, म्हणूनच सांगते: थोर बाईचं चरित्र मुलीच्या हाती येतं तेव्हा शेवट आधीच ठाऊक असतो. त्या जिंकल्या हे तिला पहिल्या पानावर माहीत असतं. ती नमस्कार करते आणि पुढे जाते. चौदा वर्षांच्या मुलीला याखेरीज आणखी काही हवं असतं. जिचं अजून काहीच ठरलेलं नाही, जी घाबरते, जिचा अंदाज चुकतो, अशी एखादी मुलगी तिला पुढच्या आठवड्यात काय होणार या काळजीनं बघायची असते. शिवाय कथेतल्या बाईकडे डोळसपणे बघणं ही काही आजची थेरं नव्हेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली, तेव्हा त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्या जातात याचाही त्यांनी जाब विचारला होता. मी तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्याला विचारते आहे.

कपड्यांचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. कितीतरी अ‍ॅनिमे मालिकांत शाळकरी मुलींच्या अंगावर कॅमेरा अशा जागी रेंगाळतो की लाज वाटावी. नायिका लढवय्यी असली तरी ही खोड सुटत नाही. अशा मालिका मी सुचवत नाही, मग त्यांचं कितीही नाव असो. पण काही मालिका अशा आहेत म्हणून सगळं अ‍ॅनिमे टाकायचं, तर मग संध्याकाळच्या मराठी मालिकांचं काय करायचं? तिथे साडी अंगभर असते, आणि त्या अंगभर साडीतली बाई दाराआडून बोलणं ऐकते, अपमान गिळते, देवापुढे रडते आणि वर्षभरानं तिथेच उभी असते. हे मुलींसमोर रोज लावताना कुणाला संकोच वाटत नाही. मला वाटतो.

आता दुसरा पक्ष, आणि याच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण तो स्वतःला मुलींच्या बाजूचा समजतो.

नेझुकोचंच घ्या. 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट 2025 च्या सप्टेंबरात हिंदी-तेलुगूतही थिएटरांत लागला, तेव्हापासून तिचं चित्र आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवर सर्रास दिसतं. नेझुको लढते, जळते, पुन्हा उभी राहते. पण बहुतेक मालिकाभर तिच्या तोंडात बांबूची नळी बांधलेली असते. ती बोलत नाही. तिचा भाऊ तिला पेटीत घालून पाठीवर वाहतो. कथेत यामागे कारण आहे, भावाबहिणीची माया खरी आहे, आणि ती बघताना माझेही डोळे भरतात. तरी कणखर स्त्रीचा नमुना म्हणून तोंड बांधलेली मुलगी यादीत पहिल्या पाचांत यावी आणि ते कुणालाच खटकू नये? त्याच मालिकेत कानाओ आहे. ती तलवारीत तरबेज आहे, पण लहानपणी इतकी मोडून पडलेली की काय करायचं हे ती नाणं उडवून ठरवते. तलवार हातात आणि मर्जी नाण्याच्या हाती! ताकद आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मालिकेच्या लेखकाला नीट कळलेलं आहे. यादी करणाऱ्यांना कळलेलं नाही.

'अटॅक ऑन टायटन'मधली मिकासा एकटी शंभर सैनिकांच्या तोडीची आहे असं कथेतच म्हटलं जातं. पण कथेचा नायक एरेन जिकडे जाईल तिकडे ती जाते, आणि तिच्या शंभर जणांच्या बळाला खूप उशिरापर्यंत स्वतःची दिशा मिळत नाही. शेवटी मिळते, आणि ती मिळते तो निर्णय जबर आहे. मात्र तिची स्तुती होते ती त्या निर्णयासाठी नाही, उड्यांसाठी होते. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात उडी मावते, निर्णय मावत नाही.

माझी कसोटी साधी आहे. बाईनं ठरवलं म्हणून कथेची वाट बदलली का? आणि तिला जे काम येतं ते पडद्यावर दिसतं का? या कसोटीवर मी सर्वांत वर ठेवते ती 'मोरिबितो' ही 2007 सालची सव्वीस भागांची मालिका. दिग्दर्शन केन्जी कामियामा यांचं, मूळ कादंबरी नाहोको उएहाशी यांची. नायिका बाल्सा तीस वर्षांची आहे, भाला चालवते, पैसे घेऊन लोकांचं रक्षण करते. राजपुत्र चागुमच्या अंगात पाण्याच्या आत्म्याचं अंडं आहे असं कळल्यावर मिकादो, म्हणजे त्याचाच बाप, त्याला गुपचूप मारायला निघतो. राणी त्याला बाल्साच्या हवाली करते.

आता भाला आहे म्हणून ही मालिका त्या यादीतही बसली असती. पण बाल्सा लढते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ विचार करते. कुठे लपायचं, कुणावर विश्वास ठेवायचा, पैसे कसे पुरवायचे, राजवाड्यात वाढलेल्या पोराला सामान्य माणसासारखं बोलायला-चालायला कसं शिकवायचं. ती त्याला घेऊन पाणचक्कीच्या घरात राहते, आणि मालिकेचा मोठा भाग या राहण्याचा आहे. लहानपणी तिला वाचवताना तिच्या पालनकर्त्याच्या हातून आठ मित्र मारले गेले. म्हणून तिनं आठ जीव वाचवण्याचं ठरवलं आहे आणि कुणालाही ठार मारत नाही. मारता येत असताना न मारणं किती अवघड, हे तिच्या प्रत्येक झुंजीत दिसतं. जखम शिवून देणारा तांदा हा पुरुष आहे, आणि दोन जगांमधलं ज्ञान असलेली तोरोगाई ही म्हातारी बाई. ही उलटापालट कुणी घोषणा देऊन करत नाही. त्या गावात ते तसं आहे, बस.

आणि ही मालिका इचोड्याच्या मुलींनी बघावी याला आणखी एक कारण आहे. त्या राज्याच्या अधिकृत इतिहासात लिहिलंय की पहिल्या सम्राटानं पाण्याच्या राक्षसाला मारलं. खरी हकीकत वेगळी आहे, आणि तिचा धागा यकू नावाच्या मूळ रहिवाशांच्या आठवणीत आणि सणात उरला आहे. राजाचे ज्योतिषी दगडावरचा लेख उलगडत बसतात, आणि कळतं की ज्याला राक्षस ठरवलं तो मेला तर दुष्काळ पडणार. उएहाशी मानववंशशास्त्रज्ञ आहेत, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत त्यांनी अभ्यास केला. 2014 साली त्यांना हान्स क्रिस्टियन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यांच्या गोष्टीतलं हे सूत्र समजायला आपल्या मुलींना जपानला जावं लागत नाही. केसलापूरच्या नागोबासाठी मेस्राम कुळातली माणसं दरवर्षी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. त्या पाण्याची कथा कुठल्या गॅझेटियरवर अवलंबून नाही. आणि जवळच्या इंद्रवेल्लीत 20 एप्रिल 1981 ला गोंडांच्या मेळाव्यावर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा तेरा. लोकांच्या आठवणीतला आकडा त्याहून कितीतरी मोठा आहे. राज्याची नोंद आणि लोकांची आठवण यांत कुणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न बाल्साबरोबर चालताना मुलीला पडतो. आपल्याकडे तो रस्त्याच्या कडेला उभा आहे.

दुसरी मालिका 'अपोथेकरी डायरीज', 2023 च्या शेवटाला सुरू झालेली. माओमाओ औषधं जाणणारी मुलगी. पळवून नेऊन राजवाड्यात नोकराणी म्हणून विकलेली. राजाची तान्ही मुलं मरत असतात. सगळे म्हणतात, शाप. तिच्या लक्षात येतं की आया तोंडाला लावतात त्या पांढऱ्या पावडरीत विष आहे, आणि कापडाच्या तुकड्यावर लिहून, नाव न सांगता, ती दोघी आयांना सावध करते. एक ऐकते, तिचं मूल वाचतं. दुसरी ऐकत नाही. पुढे त्या दुसरीला बरं करायची वेळ येते तेव्हा दासी तीच पावडर अजून लावते आहे हे बघून माओमाओ तिला थोबाडीत मारते. तिच्या हातची एवढी एकच चपराक मी यादीतल्या सगळ्या तलवारींपेक्षा मोलाची धरते, कारण ती ज्ञानातून आलेली आहे. शिसं घातलेली चेहऱ्याची पावडर जगभर वापरली गेली, आणि गोरं दिसण्यासाठी काहीबाही तोंडाला फासणं आपल्या बाजारातही चालूच आहे. कथेत कोठ्यांची वस्ती येते, म्हणून ही मालिका मी दहावीच्या पुढच्या मुलींनाच सुचवते.

'असेन्डन्स ऑफ अ बुकवर्म' (2019) ही त्यांच्यासाठी, ज्यांना वाटतं कणखर म्हणजे धडधाकट. माईन चार पावलं चालली की धापा टाकते, तापानं पडते. शिपायाची लेक, गरिबाचं घर, आणि पुस्तक फक्त श्रीमंतांकडे. ती स्वतः कागद करायचं ठरवते. मातीच्या पाट्या फसतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते तर आई त्या चुलीत घालते, कारण आईला ते सरपण दिसतं. कुणी दुष्ट नाही तिथे. तरी पोरगी पुन्हा सुरू करते. आणि 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड'मधली विन्री, कृत्रिम हातपाय बनवणारी, हिची तर मी वकिलीच करते: आईबापांच्या खुन्यावर पिस्तूल रोखलेली ही मुलगी पुढे त्याच माणसाच्या जखमेला पट्टी बांधते, आणि माफ मात्र करत नाही. मूळ चित्रकथा हिरोमू अराकावा या होक्काइडोच्या दूधदुभत्याच्या घरातल्या बाईनं लिहिली. हातानं काम करणारी माणसं तिला आतून माहीत आहेत.

यावर कुणी म्हणेल, राजवाडे आणि जादू बघून पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या मुलीला काय मिळणार? आपल्याच मंडलातल्या मुखरा (के) गावचं नाव गांडूळखतापासून कुठल्या कुठे गेलं, तेव्हा सरपंच गाडगे मीनाक्षी होत्या. कचरा, शेण, हिशोब, बैठका. यातलं काहीच यादीतल्या झुंजींसारखं दिसत नाही. माईनच्या कागदासारखं मात्र हुबेहूब दिसतं. कामातली ताकद ओळखायची नजर गोष्टींमधून तयार होते, आणि वाईट गोष्टींनी ती बिघडतेही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत चिवट: पोरीच्या हाती मोबाइल नको. घरातला मोबाइल भावाकडे असतो आणि तिला मिळतो तो अर्धा तास, हे मला ठाऊक आहे. त्या अर्ध्या तासात ती तुकडेच बघणार, आणि तुकड्यांत फक्त मारामारी असते. उलट 'मोरिबितो' पूर्ण बघायला साधारण साडेदहा तास लागतात. रविवारी एक भाग, घरातल्या मोठ्या टीव्हीवर, आई शेजारी बसलेली. या मालिका मराठीत नाहीत. तेव्हा खालची अक्षरं वाचून आईला गोष्ट मराठीत सांगण्याचं काम लेकीकडे द्यावं. पहिल्याच भागात पूल ओलांडताना राजपुत्र नदीत पडतो आणि बाल्सा मागचापुढचा विचार न करता उडी घेते. तिनं उडी का घेतली, हे आईनं तिथेच विचारावं.