लांडगा दारी बांधावा काय?

२०२५ सालाच्या आरंभी बंगळुरूहून आलेल्या एका बातमीने देशोदेशीच्या वाचकांना चकित केले. लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेले एक पिल्लू तब्बल ५० कोटी रुपयांना खरेदी केल्याचा दावा तेथील एका श्वानपालकाने केला होता. तो प्राणी पाहण्यासाठी, त्याच्यासमवेत छायाचित्र काढून घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. पुढे सक्तवसुली संचालनालयाने चौकशी आरंभली आणि खरेदीचा हा दावा पोकळ असल्याचे वृत्त आले. व्यवहार काल्पनिक ठरला. परंतु त्याभोवती जमलेली गर्दी काल्पनिक नव्हती. आपल्या दारी लांडगा असावा, निदान लांडग्याच्या रक्ताचे जनावर असावे, ही हौस आता परदेशापुरती उरलेली नाही, एवढे त्या गर्दीने सिद्ध केले. म्हणूनच या हौसेचा थोडा गंभीरपणे विचार करणे अगत्याचे झाले आहे.

ही हौस उपजते कोठून, हे समजण्यासारखे आहे. लांडग्याच्या रूपात एक रानटी दिमाख आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणीने त्या दिमाखाला आणखी उजाळा दिला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका लोकप्रिय झाली तेव्हा तीतील लांडग्यांसारखे दिसणारे हस्की जातीचे कुत्रे विकत घेण्याची लाट पाश्चात्त्य देशांत उसळली, आणि त्यांपैकी अनेक कुत्रे पुढे रस्त्यावर व आश्रयगृहांत येऊन पडले. मालिकेतील प्रमुख नट पीटर डिंकलेज यांना २०१७ साली प्रेक्षकांना जाहीर आवाहन करावे लागले की, केवळ रूपावर भाळून कुत्रा घेऊ नका. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेले हे जनावर मुंबई-पुण्याच्या सदनिकांत वातानुकूलन यंत्रासमोर धापा टाकताना आजही दिसते. हस्की हा कितीही झाले तरी कुत्राच. लांडग्याची गोष्ट याहून फार वेगळी आहे.

लांडगा पाळण्याचे समर्थक एक युक्तिवाद हटकून करतात. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. दोघांचा संकर होतो आणि ती संततीही प्रजननक्षम असते. मग आदिमानवाला जे साधले ते आजच्या सुशिक्षित माणसाला का साधू नये? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली आहे. माणसाळणे ही एक गोष्ट आणि पाळीव होणे ही दुसरी. माणसाळतो तो एक प्राणी, त्याच्या एका आयुष्यापुरता. पाळीव होते ती जात, शेकडो पिढ्यांच्या निवडीतून. भारतीय वाचकाला हा भेद समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हत्ती आपल्याकडे हजारो वर्षे माणसाच्या सेवेत आहे. तो देवळात उभा राहिला, लढाईत उतरला, लाकडे ओढू लागला. तरी त्याची जात पाळीव झाली नाही. मदकाळ आला की ज्याच्या हातचा घास वर्षानुवर्षे खाल्ला त्या माहुतालाही त्याच्यापासून जपून राहावे लागते. पायातील साखळदंड हीच त्याच्या रानटीपणाची कबुली होय.

निवडीची किमया

रानटी जात पाळीव होते ती नेमकी कशी, याचा सर्वांत बोलका पुरावा सैबेरियातील नोवोसिबिर्स्क येथील प्रयोगाने दिला. दिमित्री बेल्यायेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९५९ साली तेथे रुपेरी कोल्ह्यांवर हा प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतील जे थोडे कोल्हे माणसाला सर्वांत कमी बुजतात, तेवढ्यांचेच प्रजनन करायचे, एवढा एकच नियम त्यांनी पाळला. थोड्याच पिढ्यांत माणूस दिसताच शेपटी हलवणारी पिल्ले जन्मास येऊ लागली. पुढे काहींचे कान लोंबले, शेपट्या वळल्या, अंगावर पांढरे ठिपके उमटले. १९८५ साली बेल्यायेव निवर्तले. त्यांच्या सहकारी ल्युद्मिला त्रूट यांनी हे कार्य पुढे अनेक दशके चालविले. या प्रयोगात कोल्ह्यांना कोणतेही शिक्षण दिले जात नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बदल घडला तो लळा लावल्याने घडला नाही, निवडीने घडला. एका लांडग्याच्या पिल्लाला कुशीत घेऊन कितीही माया लावली, तरी त्या मायेला पिढ्यांच्या निवडीचे काम करता येत नाही.

कुत्रा आणि लांडगा यांतील अंतर तर डोळे उघडण्यापूर्वीच सुरू होते. अमेरिकेतील संशोधिका कॅथरिन लॉर्ड यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार लांडग्याची पिल्ले दोन आठवड्यांची असतानाच हिंडू लागतात. त्या वेळी त्यांना नीट दिसत नसते, ऐकू येत नसते. केवळ वासाच्या आधारे ती जगाची ओळख करून घेतात. कुत्र्याची पिल्ले चार आठवड्यांची झाल्यावर, डोळे-कान जागे असताना जगाला सामोरी जातात. साहजिकच माणूस, इतर जनावरे, नवे आवाज यांना आपलेसे करण्याची कुत्र्याची शक्ती मोठी असते आणि लांडग्याची तोकडी राहते. लांडग्याला माणसाची सवय लावायची तर पिल्लाचे डोळे उघडण्यापूर्वीच ते हाती घेऊन रात्रंदिवस सांभाळावे लागते. एवढे करूनही तो कुत्रा होत नाही. बुडापेस्ट विद्यापीठातील संशोधकांनी अशा रीतीने हातावर वाढविलेले लांडगे आणि कुत्रे यांच्यापुढे न उघडणाऱ्या पेटीत खाद्य ठेवले. कुत्र्याने थोडी खटपट करून माणसाच्या तोंडाकडे पाहिले. लांडगा मात्र पेटीशीच झटत राहिला. कुत्र्याच्या त्या एका कटाक्षात हजारो वर्षांचा सहवास सामावलेला आहे. तो कटाक्ष बाजारात विकत मिळत नाही.

लांडग्याचे पिल्लू लहान असते तोवर घरच्यांना ते गोंडस वाटते. खरी कसोटी ते वयात येते तेव्हा, म्हणजे सुमारे दोन वर्षांनी, लागते. कळपात राहणारा हा प्राणी मग आपल्या भोवतालच्यांचे बळ आजमावू लागतो. रानात दिवसाकाठी मैलोगणती भटकण्याची त्याची प्रकृती. ती चार भिंतींत कोंडली की दारे-खुर्च्या कुरतडणे, कुंपणाखाली बिळे खणणे, रात्री हेल काढून ओरडणे यांतून ती वाट काढते. परका माणूस दिसला की तो बुजतो, आणि बुजलेले जनावर केव्हा चावेल याचा नेम नसतो. धावणारे, ठेचकाळून पडणारे, किंचाळणारे लहान मूल पाहून त्याची शिकारी वृत्ती जागी होऊ शकते. यात लांडग्याचा दोष नाही. तो लांडग्याप्रमाणे वागतो, एवढेच.

संकर केला म्हणजे दोहोंतले उत्तम तेवढे हाती येईल, ही आशाही इतिहासाने खोटी ठरविली आहे. लेंडर्ट सार्लोस या डच गृहस्थाने १९३० च्या दशकात जर्मन शेफर्ड आणि लांडगा यांचा संकर केला. अधिक काटक, अधिक कणखर असा कामाचा कुत्रा निर्माण करावा, ही त्याची महत्त्वाकांक्षा. प्रत्यक्षात जे जनावर निपजले ते भिडस्त, परक्यापासून दूर पळणारे निघाले. पहाऱ्याच्या कामी ते कुचकामी ठरले. चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांच्या देखरेखीखाली सीमारक्षक दलासाठी असाच प्रयोग झाला. १९५८ साली त्यातील पहिली पिल्ले जन्मली आणि १९८२ साली त्या जातीला देशात मान्यता मिळाली. म्हणजे सरकारी यंत्रणा, प्रशिक्षित माणसे, बंदिस्त आवार आणि कठोर निवड एवढे सारे दिमतीला असताना जवळपास पाव शतक लागले. गल्लीतला पैदासकार हेच काम दोन-चार वेतांत करून दाखवितो, असे मानणे भाबडेपणाचे आहे. संकरित पिल्लांत कोणत्या बाजूचा कोणता गुण उतरेल हे सांगता येत नाही. एकाच वेतातील दोन भावंडे दोन प्रकृतींची निघतात.

आरोग्याचा प्रश्नही किरकोळ नाही. अमेरिकेत अशा संकरित प्राण्यांसाठी रेबीजची एकही लस अधिकृतपणे मान्य झालेली नाही. त्यामुळे असा प्राणी कोणाला चावला, तर कुत्र्याप्रमाणे दहा दिवस नजरेखाली ठेवून निष्कर्ष काढता येईलच, याची शाश्वती कोणी देत नाही. पुष्कळदा त्याला मारून मेंदूची तपासणी करण्याची पाळी येते. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अशा देशाने हौसेखातर नवी जोखीम ओढवून घेणे शहाणपणाचे ठरणार नाही.

माळरानावरील खरा धोका

कायद्याची भूमिका लांडग्यापुरती तरी स्वच्छ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असून त्याला पकडणे वा बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. संकरित प्राण्यांचे तसे नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने ज्या जातींच्या आयातीस व पैदाशीस प्रतिबंध करण्याची सूचना राज्यांना केली, त्यांत ‘वुल्फ डॉग’ही होते. परंतु संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी दिली गेली नाही, या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्दबातल केले. घाईने काढलेला आदेश टिकत नाही, हा त्यातील धडा आहे. तज्ज्ञांशी आणि श्वानपालकांशी विचारविनिमय करून संकरित प्राण्यांबाबत नेमके, टिकाऊ नियम करणे हे सरकारचे कर्तव्य होय.

हे नियम का हवेत, याचे सर्वांत मोठे कारण घरात नसून माळरानावर आहे. भारतीय द्वीपकल्पातील लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक. त्याची संख्या आज सुमारे तीन हजारच्या घरात असल्याचा अंदाज आहे. म्हणजे वाघाहून तो अधिक नाही. असे असूनही वाघाला लाभलेले कौतुक त्याच्या वाट्याला आले नाही. पुण्याजवळील माळरानांवर लांडग्यांच्या कळपांत पिंगट, वेगळ्या अंगलटीची जनावरे दिसू लागली तेव्हा निसर्गाभ्यासकांना शंका आली. त्यांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली आणि भारतात लांडगा व कुत्रा यांचा संकर होत असल्याचा पहिला जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. गावोगावच्या मोकाट कुत्र्यांशी येणारा हा संबंध असाच वाढत गेला, तर लांडग्याची जात गोळीविना, सापळ्याविना, रक्तातच विरघळून जाईल. शिवाय कुत्र्यांचे रोग कळपात शिरतील ते वेगळेच. जो संकर रानात आपत्ती ठरतो आहे, तोच शहरात पैसे मोजून मिरवावा, याहून विपरीत प्रकार कोणता?

येथे कोणी हेमलकशाचे उदाहरण देईल. डॉ. प्रकाश आमटे यांच्या अनाथालयात बिबटे-अस्वले माणसाच्या सहवासात वाढली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु ती पिल्ले हौसेने विकत आणलेली नव्हती. शिकारीत आई मारली गेल्याने ती पोरकी झाली होती, आणि त्यांना जगविणे हे आयुष्यभराचे व्रत म्हणून तेथे स्वीकारले गेले. करुणेतून घेतलेली जबाबदारी आणि प्रतिष्ठेसाठी केलेली खरेदी यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

ज्यांना लांडग्याचे खरोखर आकर्षण आहे त्यांच्यासाठी मार्ग खुला आहे. नान्नजसारख्या माळरानावर पहाटे जावे, धनगरांच्या मेंढवाड्यांभोवती हजारो वर्षे चाललेली लांडग्याची आणि मेंढपाळाच्या कुत्र्याची झुंज समजून घ्यावी. सरकारी दफ्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली ही गवताळ जमीन कारखान्यांनी व घरबांधणीने गिळण्यापूर्वी वाचवावी, गावकुसावरील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण नेटाने व्हावे, यासाठी आग्रह धरावा. शाळांतून मुलांना ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सांगितली जाते, तशी तो नाहीसा होत असल्याची गोष्टही सांगितली जावी. आणि घरी सोबत हवी असेल, तर दारातले गावठी पिल्लू उचलून आणावे. आपल्या पूर्वजांनी लांडग्यापासून कुत्रा घडविण्याचे काम केव्हाच पुरे केले आहे. ते उलट्या दिशेने पुन्हा करण्यात पुरुषार्थ नाही. कुत्र्याला घर लाभावे आणि लांडग्याला माळ, यातच दोघांचे हित आहे, माणसाचेही.