वजन सांगायला लाजू नका!



नागपूरच्या जरीपटक्यात घराजवळ कडा कुठला? पण सुट्टीतील शिबिरात किंवा पुढे सह्याद्रीत तैलबैला, लिंगाणा पाहायला गेलात, की प्रस्तरारोहणाशी तुमची गाठ पडेल. एकजण चढतो आणि दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो. याला गिर्यारोहक 'बिले देणे' म्हणतात. शिबिरात या जोड्या बहुधा मैत्रीवरून लागतात. माझे मत असे, की जोडी लावण्यापूर्वी दोघांचे वजन विचारलेच पाहिजे.

समजा, चढणाऱ्याचे वस्तुमान ७५ किलोग्रॅम आहे आणि बिले देणाऱ्याचे ४५. दोर वरच्या कडीतून जाऊन खाली येतो. कडीवर घर्षणच नसते, तर हे जॉर्ज अ‍ॅटवुड यांनी १७८४ साली वर्णिलेले यंत्रच झाले असते! वजनांतील फरक ३०, बेरीज १२०. म्हणून त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पाव पट. चढणाऱ्याचा हात सुटला, तर २ सेकंदांत तो सुमारे ५ मीटर खाली येईल आणि त्याचा सोबती तितकाच वर जाईल.

सुदैवाने कडीवर घर्षण असते. त्यामुळे लोंबकळणारे ७५ किलो तोलायला दुसऱ्या बाजूला साधारण ५० किलो पुरतात. पण आपल्या सोबत्याकडे आहेत ४५! त्यातून दोर ढिला असताना चढणारा पडला, तर झटका त्याच्या वजनाहून पुष्कळ मोठा बसतो. हलका सोबती उचलला जाऊन कड्यावर आपटतो. त्याचा हात दोरावरून सुटला, तर चढणारा थेट जमिनीवर येईल.

"मी दोर घट्ट धरीन," असे तुम्ही म्हणाल. दोर जरूर घट्ट धरा. पण मूठ आवळल्याने पाय जमिनीला चिकटत नाहीत. त्यासाठी हलक्या सोबत्याचे हार्नेस ओढीच्या उलट दिशेला, भक्कम झाडाला किंवा खडकाला बांधावे लागते. त्याने कड्याच्या अगदी जवळ उभे राहावे. दोरावरचे घर्षण वाढवणारी साधनेही मिळतात. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे जोडी बदलणे. उलट, सोबती फार वजनदार असेल, तर पडणाऱ्या हलक्या मुलाला फार कडक झटका बसतो. म्हणजे दक्षता दोन्हीकडे हवी.

शिक्षकांना एक विनंती. कडा नसला, तरी एक प्रयोग जरीपटक्यातील वर्गातही करता येईल. गुळगुळीत दांड्यावरून दोरी टाका, दोन्ही टोकांना पिशव्या बांधा आणि एका पिशवीत वाळू वाढवत जा. मग दांड्याला दोरीचा आणखी एक वेढा द्या आणि तोच प्रयोग पुन्हा करा. घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल.

मात्र खरे बिले जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच द्यावे. तेथे तुमचे वजन कोणी विचारले, तर हसू नका, चोरू नका. खरा आकडा सांगा. त्यावर मित्राचा जीव अवलंबून आहे.