मक्त्याची हमी आणि यंत्राचा भरवसा

सहकारी बँका, नगरपालिका, विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्या दप्तरी संगणक-खरेदीची जी टिपणे तयार होतात, त्यांत एक विधान सिद्धान्ताच्या थाटाने नेहमी येते. काम महत्त्वाचे असेल तर एखाद्या मातब्बर कंपनीचा, खास तिच्याच बनावटीचा सर्व्हर घ्यावा. बाजारात सुट्या मिळणाऱ्या प्रमाणित भागांवर उभा केलेला, पीसीच्या जातीचा संगणक अशा कामास भरवशाचा नव्हे. हे मत बाळगणारी माणसे अप्रामाणिक नसतात. संस्थेचे हित मनात असते म्हणूनच ती कित्येक पट दराच्या दरखास्तीवर निःशंकपणे सही करतात. परंतु सद्‌हेतूने केलेला खर्चही अस्थानी होऊ शकतो, आणि येथे तो तसा होतो असे माझे निश्चित मत असल्यामुळे या विधानाची साधकबाधक परीक्षा करणे मला अगत्याचे वाटते.

पूर्वपक्षाचा मुख्य आधार इतिहासाचा आहे, आणि तो पोकळ नाही. आयबीएमने 1964 साली सिस्टिम/360 ही मालिका जाहीर केली तेव्हापासून मेनफ्रेम यंत्रांनी बँकांचे आणि विमान कंपन्यांचे हिशेब रात्रंदिवस सांभाळले. मुंबई शेअर बाजाराने 1995 साली ‘बोल्ट’ ही संगणकीय व्यवहारपद्धती सुरू केली, तीही टँडेम कंपनीच्या नॉनस्टॉप यंत्रांवर. या यंत्रांची थोरवी मला मान्य आहे. विचार करायचा तो एवढाच, की ती थोरवी त्यांच्या ठायी नेमकी कशामुळे आली.

टँडेमचेच उदाहरण घेऊ. तिच्या यंत्रात प्रत्येक महत्त्वाचा भाग जोडीने असे. एका प्रोसेसरवर चाललेल्या कामाची ताजी स्थिती दुसऱ्याकडे संदेशाने पोचत असे, आणि पहिला थांबताच दुसरा तेथून पुढचे काम उचलीत असे. कोणताही भाग कोणत्याही क्षणी मोडेल, हे गृहीत धरूनच ही रचना झाली होती. याच कंपनीतील जिम ग्रे यांनी ग्राहकांकडील यंत्रे का बंद पडतात याची छाननी 1985 साली प्रसिद्ध केली, तीत 42 टक्के खोळंबे चालवणाऱ्यांच्या व देखभालीच्या कारभारातून, 25 टक्के सॉफ्टवेअरमधून आणि केवळ 18 टक्के यंत्रसामग्रीतून उद्भवलेले आढळले. प्रतिपक्षी म्हणेल, यंत्रसामग्री उत्तम होती म्हणूनच तिचा वाटा अल्प. हे अर्धेच खरे आहे. भाग तेथेही मोडतच होते, पण मोडलेल्याची जागा घेणारा दुसरा भाग सज्ज होता. पुढे नॉनस्टॉपची हीच परंपरा इंटेलच्या सर्वसामान्य झिऑन प्रोसेसरांवर आणण्यात आली, तेव्हा गुण रचनेचा होता याची कबुली तिच्या मालकांनीच दिल्यासारखे झाले.

महाग भाग मुळातच कमी मोडतो, हे गृहीतकही पुराव्यापुढे टिकत नाही. हार्डडिस्कच्या माहितीपत्रकावर बिघाड होईपर्यंतचा दहा ते पंधरा लाख तासांचा सरासरी काळ छापलेला असतो. तो खरा मानला तर वर्षाकाठी शंभरांतील एकही डिस्क बदलावी लागू नये. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी 2007 साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बदलीचे प्रमाण सर्रास 2 ते 4 टक्के दिसले; आणि सर्व्हरसाठी म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या डिस्कचे प्रमाण स्वस्त साटा डिस्कहून लक्षणीय कमी आढळले नाही.

आता बिघाडाची घटका जवळून पाहू. तालुक्याच्या गावची पतसंस्था, सोमवारची सकाळ, काउंटरवर रांग, आणि पॉवर सप्लाय जळालेला. यंत्र प्रमाणित एटीएक्स मापाचे असेल, तर मागचे चार स्क्रू सोडायचे, मदरबोर्डातला 24 पिनांचा जोड चाप दाबून उपसायचा, प्रोसेसरचा लहान जोड आणि डिस्कच्या वायरी काढायच्या, की कपाटातला किंवा बाजारपेठेतल्या दुकानातला दुसरा सप्लाय बसवून अर्ध्या तासात व्यवहार पूर्ववत होतात. तोच सप्लाय एका कंपनीच्या खास आकाराचा असेल, तर पैसा, कौशल्य आणि तत्परता हाताशी असूनही कुरिअरची वाट पाहत बसावे लागते. आणि ते मॉडेल कंपनीने बंद केले असेल, तर भावाला धरबंधच राहत नाही. याहून बिकट प्रसंग रेड कंट्रोलरचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या भागाचा. डिस्कवर माहिती कशी विभागून लिहिली याची नोंद तो स्वतःच्या पद्धतीने ठेवतो. सबब तो जळाला की सर्व डिस्क धडधाकट असूनही त्याच घराण्याचा दुसरा कंट्रोलर मिळेपर्यंत सभासदांच्या ठेवींचा हिशेब कुलूपबंद राहू शकतो. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने बांधलेल्या डिस्क मात्र दुसऱ्या साध्या संगणकाला जोडून वाचता येतात.

‘काही झाले तर कंपनी जबाबदार आहे’ या समाधानाचीही हीच गत. देखभालीचा करार बारकाईने वाचावा. चार तासांचे आश्वासन पुष्कळदा प्रतिसादाचे असते, दुरुस्ती पुरी होण्याचे नसते.

याउलट प्रमाणित घटकांच्या बाजूने सिद्धान्त आणि अनुभव दोन्ही उभे आहेत. अविश्वसनीय घटकांपासून विश्वसनीय यंत्र कसे रचावे, हे जॉन फॉन नॉयमान यांनी 1956 साली छापलेल्या निबंधात गणिताने मांडले. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा संच सुचवला. आपली शोधसेवा 15,000 हून अधिक साध्या पीसींवर चालते, असे गूगलच्या अभियंत्यांनी 2003 साली लिहिले. त्याच वर्षी वर्णिलेल्या त्यांच्या फाइल-व्यवस्थेत माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राहत. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे 29 सप्टेंबर 2010 रोजी ज्या आधार योजनेचा पहिला क्रमांक दिला गेला, तिच्या आराखड्यातही एका विक्रेत्याशी बांधून न घेता सर्वसामान्य सर्व्हरांवर भार वाटण्याचे तत्त्व आहे.

मात्र प्रमाणित म्हणजे वाटेल ते हलके सामान, असा अर्थ कोणी घेतला तर त्यालाही मी तितकाच कडवा विरोध करीन. गूगलच्याच यंत्रांवर झालेल्या 2009 च्या अभ्यासात वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या. तेव्हा चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी हिशेबाच्या यंत्रात हवीच. ती कोणा एकाच्या मक्त्याची नाही, अनेक कंपन्यांच्या प्रमाणित मदरबोर्डांवर बसते.

गूगलपाशी अभियंत्यांची फौज आहे, पतसंस्थेपाशी नाही, हा सर्वांत वजनदार आक्षेप. पण पतसंस्थेला पंधरा हजार यंत्रे नकोत, दोन हवीत. आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या मुक्त डेटाबेसमध्ये एका यंत्रावरील नोंदी दुसऱ्याकडे सतत वाहत्या ठेवण्याची सोय 2010 पासून अंगभूत आहे. उणीव असते ती सरावाची, आणि ती मोठ्यांपाशीही असते. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबले ते दुपारी 3.45 पर्यंत, दूरसंचार वाहिन्यांच्या बिघाडापाठोपाठ साठवण-यंत्रणा हाती येईनाशी झाली, आणि पर्यायी केंद्र असूनही कामकाज तेथे हलवले गेले नाही. म्हणून निविदेत कंपनीचे नाव व मॉडेल लिहिण्याचा शिरस्ता मोडून ईसीसी मेमरी, प्रमाणित मापाचे भाग आणि दोन स्वतंत्र यंत्रे या अटी घालाव्यात. अंतिम बिल मंजूर होण्यापूर्वी पुरवठादाराने कामाच्या दिवशी, संचालकांसमक्ष, चालू यंत्राची वीज तोडून दुसऱ्यावर व्यवहार चालू राहतात हे दाखवावे. आणि तीच चाचणी दर तिमाहीस संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी स्वतः करून तिची नोंद दप्तरी ठेवावी.