कुणाची बायको?

दर रविवारी रात्री आम्ही चौघी मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर ‘ओळखा पाहू’ खेळतो. एकीनं प्रसिद्ध व्यक्ती मनात धरायची, बाकीच्यांनी ‘हो-नाही’चे वीस प्रश्न विचारायचे. परवा मी डॉ. रखमाबाईंना धरलं होतं. “बाई आहे?” हो. लगेच दुसरा प्रश्न, “कुणाची बायको म्हणून प्रसिद्ध?”

मी अडखळले. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्यानं दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढं लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. मी ‘नाही’ म्हटलं. वीस प्रश्न संपले, पण कुणालाच त्या ओळखता आल्या नाहीत.

पुढच्या डावात मैत्रिणीनं बाई धरली, आणि तोच प्रश्न माझ्या तोंडून निघाला! पुरुष असला की आम्ही विचारतो, “राजकारणातला? खेळाडू?” कुणाचा नवरा, हे कधीच नाही. मैत्रिणींनो, ही सवय आपल्याच जिभेवर बसली आहे. यापुढं बाईचंही आधी काम विचारूया.