उन्हात वाढलेली की जाळीखाली?

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, औषधी कोणत्या भूमीतून व केव्हा आणावी याचे विवेचन आहे. थंडी, ऊन, वारा व पाणी जिला यथाकाल लाभले आहे तीच वनस्पती आचार्यांना अभिप्रेत आहे. आपण माती व पाणी यांची चौकशी करतो (क्वचित तीही नाही!), उन्हाची मात्र कोणीच करीत नाही. मोशी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले आणि औषधी वनस्पती गच्चीवर, भिंतीच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीखाली आल्या. म्हणूनच हा प्रश्न येथे उपस्थित करावासा वाटतो.

वनस्पतीला प्रकाश कळतो, हे आपल्याला नवे नाही. सूर्यभक्ता सूर्याबरोबर वळते, यावरून तिच्या दृष्टीचे अनुमान करता येते, असे चक्रपाणिदत्तांनी अकराव्या शतकात चरकावरील टीकेत लिहून ठेवले आहे. आधुनिक विज्ञानाने या दृष्टीचे स्थान दाखवले. फायटोक्रोम या रंगद्रव्याचा शोध १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे लागला. पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, पण त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश बराचसा पुढे जाऊ देते. त्यामुळे दाट पानांखाली लाल कमी व अतिलाल अधिक असतो. फायटोक्रोम हे प्रमाण ओळखते आणि उन्हाच्या अनेक वनस्पती शेजाऱ्याच्या सावलीतून सुटण्यासाठी खोड ताणू लागतात. पेरी लांबतात, फांद्या कमी फुटतात. सावलीत वाढलेले पान रुंद, पातळ व मऊ होते. उन्हातले जाड व लहान. कोरफडीची पाने कडक उन्हात तांबूस होतात, सावलीत हिरवीगार राहतात, हे तर घरोघरी दिसते.

आता अडचण अशी की, रुंद हिरवेगार पान बाजारात ‘उत्तम माल’ म्हणून खपते. तुळशीवर्गातील वनस्पतींवरील प्रयोगांत दाट सावलीत सुगंधी तेलाचे प्रमाण घटलेले आढळले आहे. जंबुपार किरणांपासून बचावासाठी अनेक वनस्पती फ्लॅवोनॉइड द्रव्ये अधिक तयार करतात. ऊनच अडवले तर ते कारणही क्षीण होते. डोळ्यांना सुखावणारी तुळस रसवीर्याने हीन असू शकते, ती अशी.

म्हणून जाळी वाईटच, असे नव्हे. मंडूकपर्णी व पिंपळी यांना सावली मानवते. अश्वगंधेला मात्र मोकळे ऊन हवे. काळी जाळी मुख्यतः प्रकाशाची मात्रा कमी करते, तर रंगीत जाळी प्रकाशाचा वर्णही बदलू शकते. तेव्हा ‘जाळीखाली वाढवली’ एवढे सांगून भागत नाही.

रात्रीच्या दिव्यांचे काय? शेवंतीचे बागाइतदार रात्री दिवे लावून फुलोरा मुद्दाम लांबवतात, कारण रात्र मोठी झाल्याचे कळल्यावरच ती फुलते. मग रात्रभर झगझगणाऱ्या आवाराच्या कुंपणालगत लावलेल्या वनस्पतीचा पुष्पकाल आपल्या संग्रहकालाशी जुळेलच, असे कोणी धरून चालू नये.

फार्मसीचालकांना शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या मालाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्याच वहीत आणखी एक रकाना आखावा: उघडे ऊन, झाडाची सावली की जाळी, जाळी असल्यास रंग कोणता व सावली किती टक्के. पुरवठादार प्रारंभी कुरकुर करील. वैद्यांनीही चूर्ण मागवताना हाच प्रश्न विचारला, तर तो उत्तर देऊ लागेल.