डाव नवा, बाई तीच?

गडचिरोलीत किशोरींचं शिबिर होतं. रात्री जेवणं उरकली, भांडी विसळून झाली आणि मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. गटातली एक जुनी कार्यकर्ती शेजारी येऊन टेकली. थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काहून वो ताई, हे पोट्ट्यायचे खेळ तुम्ही काहून खेळता?"

प्रश्न मला नवा नाही. पंचेचाळिशी उलटली, चंद्रपुरात गटाचं काम करता करता केस पांढरे झाले, तरी व्हिडिओ गेमचं वेड गेलेलं नाही. चळवळीत मी ते बरीच वर्षं लपवून ठेवलं. वाचन आवडतं, नाटक आवडतं हे चारचौघींत सांगता येतं. व्हिडिओ गेम आवडतो हे सांगायला जीभ रेटत नाही. एक तर तो मुलांचा प्रांत. दुसरं म्हणजे त्यात बाईच्या देहाचा बाजार आणि ऊठसूट मारामारी. हे दोन्ही आक्षेप खोटे नाहीत, म्हणूनच त्यांच्याबद्दल एकदा मोकळेपणानं लिहावंसं वाटलं.

माझी या खेळांशी ओळख भावामुळे झाली. नव्वदीच्या सुरुवातीला टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा खेळ आमच्या घरी आला. 'मारिओ' दोघांनी खेळायचा तर पहिला मरेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. पहिली जॉयस्टिक अर्थातच भावाची. तो मेला की माझा डाव. आणि नेमकी तेव्हाच आतून हाक यायची, "भांडी पडलीत गं." त्याचा डाव चालू असताना त्याला कधी हाक आल्याचं मला आठवत नाही.

पुढे कॉम्प्युटर क्लासला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' भेटला. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं 1989 मध्ये केलेला खेळ. वजीर राजकन्येला महालात कोंडतो, तिला तासाभराची मुदत देतो आणि राजपुत्रानं त्या साठ मिनिटांत तिला सोडवायचं. तिच्या हातात काय? एक उंदीर. राजपुत्र अडकला की ती त्याच्या मदतीला उंदीर पाठवते! तेव्हा मला यात काही खटकलं नाही. गोष्टीत राजकन्या अशाच असतात, असं वाटायचं.

अलीकडे जुन्या खेळांचे रीमेक निघायची लाट आलीय. जुना सिनेमा नवे नट घेऊन पुन्हा काढतात तसंच हे. काही ठिकाणी जुन्याच भिंतींना नवा गिलावा करतात, त्याला रीमास्टर म्हणतात. काही ठिकाणी घर पाडून त्याच जागी नव्यानं बांधतात, तो रीमेक. यात कंपन्यांचा हिशेब उघड आहे. तेव्हाची पोरं आता कमावती झालीत आणि जुनं नाव हमखास खपतं. पण मला रीमेकमध्ये वेगळीच गोष्ट दिसते. रीमेक ही एक कबुली असते. 'खेळ असाच असतो' असं ज्यांनी आम्हाला इतकी वर्षं सांगितलं, त्यांनीच तो बदलून दाखवला. म्हणजे तो तसा 'असत' नव्हता, कुणीतरी तसा केलेला होता. बाईपणाबद्दल आपण शिबिरात दुसरं काय सांगतो?

'रेसिडेंट इव्हिल 4' हा जपानी खेळ घ्या. तो 2005 मध्ये आला. अमेरिकेच्या अध्यक्षांची मुलगी ॲश्ली हिला पळवून नेलंय आणि लिऑन नावाच्या जवानानं तिला परत आणायचंय. तिला दोनच हुकूम द्यायचे, 'थांब' आणि 'मागून ये'. ती आखूड स्कर्टमध्ये, आणि खालून वर बघायची सोय खेळात ठेवलेली. तसं बघितलं की ती चिडून बोलायची. म्हणजे करणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं, गंमत म्हणून ठेवलं होतं. 2023 च्या मार्चमध्ये त्याचा रीमेक आला. त्यातून ती 'गंमत' गेली, कपडे बदलले, ॲश्ली थोडी माणसासारखी बोलू लागली. छान झालं. पण अजूनही ती कुणाची तरी लेक म्हणून पळवली जाते आणि कुणीतरी पुरुषच तिला सोडवतो. जुन्या आणि नव्या, दोन्ही खेळांत एक छोटा भाग असा आहे की तिथे आपण स्वतः ॲश्ली असतो. अंधारात एकटी, हाताशी फक्त कंदील. मला संपूर्ण खेळात तोच भाग सगळ्यात जास्त खरा वाटला. तो तसाच लांबवत नेला असता तर? पण तिथवर रीमेक जात नाही. तो बाईचे कपडे बदलतो, तिची जागा बदलत नाही.

आता शिबिरातल्या त्या रात्रीकडे येते. मी लावला होता 'टूम रेडर 3'. लारा क्रॉफ्ट ही त्याची नायिका. 1996 मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा बाई एकटी, धीट, कुणाची वाट न बघणारी, म्हणून मी हरखून गेले होते. आणि त्याच वेळी जाहिरातीत तिचा देह कसा मांडलाय ते पाहून ओशाळलेही होते. 1998 मधला तिसरा भाग सुरूच होतो तो भारतातल्या जंगलात. माकडं, चिखल, पडकी देवळं आणि वाघ. पहिल्या तीन भागांचा रीमास्टर 14 फेब्रुवारी 2024 रोजी आला. त्यात चित्रं उजळली. सुरुवातीला एक पाटीही आली, की या खेळांत काही समाजांचं चित्रण अपमानकारक आहे, ते घातक आहे, पण पुसून टाकण्यापेक्षा आम्ही ते कबूल करतो. मला हे आवडलं.

आवाज ऐकून चार-पाच मुली भोवती जमल्या. मी जरा बिचकले. ज्या भागात खरे गोळीबार झालेत, तिथल्या मुलींसमोर बंदुकीचा खेळ लावावा का? पण त्यांचं लक्ष बंदुकीकडे नव्हतंच. लारा झाडीत शिरली तशी एक म्हणाली, "हे एकटीच काहून आली? जंगलात एकटं कोणी जात नाई." वाघ आला, लारानं दोन्ही हातांनी गोळ्या झाडल्या, वाघ पडला. दुसरी म्हणाली, "वाघ मारून तिले काय भेटलं?" मी म्हटलं, ती पुढे देवळातला दगड शोधायला चाललीय. "तो दगड तिचा आहे का?" मला उत्तर देता येईना.

मैत्रिणींनो, पंचवीस वर्षांत मी जे प्रश्न विचारले नाहीत ते या मुलींनी पाच मिनिटांत विचारले. कारण जंगल त्यांच्यासाठी पडद्यावरचं चित्र नाही. मोहफूल वेचायला पहाटे जायचं तर चौघी मिळून, एकमेकींना हाका देत जातात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्या कमरेला दोन पिस्तुलं नव्हती, आणि मेल्यावर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. एकटी, शूर, कुणाची गरज नसलेली बाई ही मला मुक्त बाईची खूण वाटत आली. या मुलींना ती नुसती अडाणी वाटली. सोबतीनं जाणं हा त्यांच्या लेखी भित्रेपणा नाही, शहाणपण आहे.

रीमेकमध्ये नायिकेला बळ देतात ते नेहमी एकटीचं बळ. बायांच्या सोबतीचा, गटाचा खेळ मला फार थोड्या ठिकाणी दिसला. 2014 मधला 'नेव्हर अलोन' मात्र वेगळा आहे. अलास्कातल्या इन्युपियाक आदिवासींच्या एका जुन्या गोष्टीवर तो बेतलाय आणि तिथल्या आदिवासी परिषदेच्या पुढाकारानंच तो झाला. नूना नावाची मुलगी आणि तिच्यासोबत एक पांढरा कोल्हा. गोष्ट सांगणाऱ्याचा आवाज त्यांच्याच भाषेतला. मूळ गोष्टीत मुलगा होता, खेळात मुलगी केली. पण ती गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्याच्या लेकीला विचारून, तिच्या संमतीनं. गोष्ट बदलायची तर ती अशी, ज्यांची आहे त्यांना विचारून. गोंडी आणि माडिया भाषेत गोष्टींची काय कमी आहे? विचारायला कुणी जात नाही एवढंच.

आपल्याकडेही प्रयत्न झालेत. 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' काढला. त्यांच्या संस्थापकांत श्रुती घोष ही एक बाई आहे. यात बहीण भावाला सोडवायला निघते. राखीपौर्णिमेची गोष्ट उलटी फिरवलेली पाहून मी एकटीच टाळ्या वाजवल्या. पण राजीला शस्त्र देते दुर्गा. मुलगी लढली की तिच्यामागे देवी उभी करायलाच हवी का? डोंबाऱ्यासारखे खेळ करून पोट भरणारी, उंच दोरावर चालणारी पोर मुळातच काय कमी धीट असते?

आणि त्याच वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, जाहीर झालं की 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या 2003 मधल्या 'सँड्स ऑफ टाइम' या भागाचा रीमेक यूबिसॉफ्ट कंपनीची पुण्या-मुंबईतली माणसं करणार. त्याची झलक पाहून जगभरच्या खेळणाऱ्यांनी नावं ठेवली, तारखा पुढे गेल्या आणि 2022 मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलला नेलं गेलं. मला फार वाईट वाटलं, कारण या भागातली फराह आपल्याकडची आहे. भारतातल्या एका महाराजाची मुलगी, लुटीत बंदी म्हणून नेलेली. ती उंदीर पाठवत नाही, धनुष्यबाण चालवते. आईनं लहानपणी शिकवलेला एक गुप्त शब्द ती राजपुत्राला सांगते, 'काकोलुकीयम्'. पंचतंत्रातल्या तिसऱ्या तंत्राचं हे नाव.

या राजपुत्राजवळ एक खंजीर असतो, त्यानं काळ मागे फिरवता येतो. सगळ्या अनर्थानंतर तो काळ इतका मागे नेतो की फराहला त्यातलं काहीच आठवत नाही. ती त्याला ओळखतही नाही. आणि शेवटी तो तिचं चुंबन घेतो. ती झिडकारते. मग तो काय करतो? खंजीर दाबतो, काळ थोडा मागे नेतो, चुंबन घडलंच नाही! त्याला आठवतंय, तिला नाही. पूर्वी मला हा शेवट हळवा वाटायचा. आता अंगावर काटा येतो. आपल्या केंद्रात येणाऱ्या किती प्रकरणांत समोरच्याची हीच इच्छा असते, की 'झालं ते झालंच नाही' असं सगळ्यांनी धरून चालावं. पण फराहसारखं आपल्याला विसरता येत नाही.

काळ मागे फिरवणं चंद्रपूरच्या बायकांना नवं नाही. डिसेंबर 2010 मध्ये दारूबंदीसाठी हजारो बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. एप्रिल 2015 मध्ये बंदी लागू झाली. मे 2021 मध्ये सरकारनं ती उठवली. खंजीर दाबला, जणू काही घडलंच नव्हतं. बंदीनं किती साधलं यावर आपल्यातही मतभेद आहेत, त्यात इथे शिरत नाही. पण चाललेले पाय आणि त्यांना आलेले फोड बायकांच्या लक्षात आहेत. पुन्हा डाव मांडायची वेळ आली तर तीच आठवण हाताशी असेल. तो राजपुत्र नव्यानं काही करू शकतो ते आठवण त्याच्याकडे आहे म्हणून.

शेवटी त्या कार्यकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर. मी खेळते, कारण मला मजा येते. एवढं साधं कारण सांगायला मला इतकी वर्षं लागली. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांची घरकामातली दिवसाची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97. राजकन्या सोडवायला साठ मिनिटं पुरतात, बाईला स्वतःसाठी तेवढीही मिळत नाहीत. 2019 ते 21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा फोन असलेल्या बायका देशात निम्म्याहून जरा जास्त, 54 टक्के निघाल्या. पोराच्या हातात फोन दिसला तर 'खेळतोय', पोरीच्या हातात दिसला तर 'कुणाशी बोलतेस?' खेळातल्या बाईचे कपडे बदलायला वीस वर्षं लागली. खेळणाऱ्या बाईचा डाव कधी येणार?

माझी एक सूचना आहे. किशोरींच्या शिबिरात गाणी, नाटुकली असतात तसा एक तास खेळाचाही ठेवू या. एक लॅपटॉप पुरतो. खेळ लावायचा, मुलींना खेळू द्यायचं आणि त्या काय विचारतात ते ऐकायचं. भाषण नको. त्यांना बदल सुचला तर तो लिहून घ्यायचा. तुमच्या गटात करून पाहिलंत तर अंकासाठी जरूर कळवा.

त्या रात्री कार्यकर्तीनं माझं उत्तर ऐकलं, थोडी हसली आणि जॉयस्टिककडे बोट दाखवून म्हणाली, "द्या बरं इकडे." पहिल्याच खड्ड्यात लारा पडून मेली. मी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "थांबा नं ताई. माझा डाव अजून संपला नाई."